ओला पडदा

पाण्याखालचा कॅमेरा विमानातून न्यायचा असेल तर त्याची पेटी घट्ट बंद करायची नाही. मालवणात येणाऱ्या पर्यटकांना मी हे इतक्या वेळा सांगितलंय, की झोपेत उठवलं तरी सांगेन. त्यांना ते पटत नाही. ज्या पेटीत थेंबभर पाणी शिरू नये म्हणून एवढा आटापिटा, ती प्रवासात सैल ठेवायची? पण वर आभाळात हवेचा दाब कमी होतो, पेटीतली हवा फटीफटीतून बाहेर पळते, आणि विमान खाली उतरलं की बाहेरची हवा झाकणाला असं दाबून धरते की दोघांनी ओढलं तरी ते निघत नाही. मग हेच लोक मालदीवच्या हॉटेलातून मला व्हिडिओ कॉल लावतात. म्हणून बूच सैल, रबराची कडी काढून वेगळ्या डबीत, काचेच्या घुमटाला लोकरीची कानटोपी, दिव्यांचे दांडे पोहायच्या सुटात गुंडाळलेले. बॅटऱ्या हातातल्या सामानात, टोकांना चिकटपट्टी लावून. एवढं केलं की कॅमेरा जगाच्या दुसऱ्या टोकाला धडधाकट पोचतो.

दांडीच्या किनाऱ्यावर माझं दुकान आहे. कॅमेरे दुरुस्त करते आणि बांधूनही देते. गावात मला 'बांधणीवाली रसिका' म्हणतात, आणि अनोळखी माणसं साड्या बघायला येतात.

त्या दिवशी टेबलावर जो कॅमेरा होता, त्याला मात्र यातलं काहीच लागू नव्हतं. त्याचं बूच गच्च लावायचं होतं. पाणी बाहेर नाही, आत ठेवायचं होतं. तो माझ्या धाकट्या भावाचा, वीरेशचा होता. कपाळाच्या पट्ट्याला तो लावून वीरेश समुद्राखालच्या आंग्रियाच्या पठारावर उतरला होता आणि तिथेच मेला.

मी रडले नव्हते. लोक म्हणाले, धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हतं. दाढ काढताना भूल देतात ना, गाल आपलाच असतो पण चिमटा काढला तरी कळत नाही, तसं मला सगळ्या अंगाचं झालं होतं. मी जेवत होते, दुकान उघडत होते, गिऱ्हाइकांशी हसतही होते. वीरेश गेला हे वाक्य मी कुणालाही आवाज न कापता सांगू शकत होते.

त्या कॅमेऱ्याबद्दल थोडं सांगायला हवं. खोल पाण्यात उजेड फार कमी पोचतो. लाल रंग तर वरच्या काही मीटरमध्येच संपतो. दिवा लावावा तर मासे पळतात आणि प्रवाळ दिवसा जसं वागतं तसं वागत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी शेवटी खोल समुद्रातल्या माशांकडूनच डोळा उसना घेतला. त्या माशांच्या डोळ्यातल्या पेशी वाढवून त्यांनी एक पडदा तयार केला, दुधावरच्या सायीइतका पातळ. ह्या पेशी जिवंत असतात, म्हणून एरवी कॅमेऱ्याचं बूच उघडं ठेवून समुद्राचं पाणी पडद्याभोवती खेळतं ठेवावं लागतं. त्यातली प्रत्येक पेशी आपल्या पोटात सतत प्रथिनाचा एक धागा विणत जाते, आणि बाहेर उजेड पडला की धाग्याच्या तेवढ्या तुकड्याचा रंग बदलतो. म्हणजे पेशीने कुठल्या क्षणी किती उजेड पाहिला, हे त्या धाग्यात ओळीने राहतं. अशा कोट्यवधी पेशी शेजारीशेजारी असल्या की चित्र होतं, आणि धागा वाढत गेला की चलच्चित्र. काळोखातही हा पडदा माणसाच्या डोळ्यापेक्षा जास्त पाहतो.

अडचण एवढीच, की पडदा वाचायचा तर त्याचे केसाहून बारीक काप काढावे लागतात. एकदा वाचला की संपला. आणि पेशी जिवंत असेपर्यंतच वाचता येतो, कारण मेलेली पेशी आपलाच धागा खाऊन टाकते. असं वाचन करणारी सगळ्यात जवळची प्रयोगशाळा सिंगापूरला होती.

आंग्रियाच्या प्रवाळाची पाहणी करणाऱ्या संस्थेने वीरेशला हा कॅमेरा दिला, तेव्हा पाहणीचे प्रमुख कार्लेकर सर मला तो बांधायला शिकवून गेले होते. पडद्याला उजेड दिसता कामा नये. विमानतळावरच्या क्ष-किरणांच्या यंत्रातून गेला तर सगळे धागे एका फटक्यात रंगतात, म्हणून तेही नको. आणि आतल्या समुद्राच्या पाण्यात विरघळलेली हवा आधी काढून टाकायची (बर्फाच्या गारठ्यात पेशी प्रवासापुरत्या तिच्यावाचून तगतात), नाहीतर विमानात दाब कमी झाला की सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे येतात आणि पडदा फाटतो. मी पंपाला लावून त्या पाण्यातली हवा काढत बसले होते. बुडबुडे येत होते, कमी होत होते. मला ते बघायला बरं वाटत होतं. दुसरं काही बघायला नको वाटत होतं.

बाबा दुकानाच्या दारात उभे होते. माझे वडील जन्मभर ट्रॉलर चालवणारे तांडेल होते. गुडघे गेले तसे किनाऱ्यावर आले आणि वीरेशचं सामान सांभाळायला लागले.

"सगळा नीट बांधलंस मां?"

"बांधतंय, बाबा."

"माका विमानात बसूक जमाचा नाय. आणि तां बघूक तर नायच नाय. तू बघ आणि माका सांग. यतीन थंय होतो काय नाय, एवढाच. दुसरा माका काय नको."

"नसलो तर?"

"तर तेका ह्या घराची पायरी नाय."

"आणि असलो तर?"

"तर तो वीरेशासारखोच माझो दुसरो झील," बाबा म्हणाले.

यतीन कुबल हा वीरेशचा पाण्यातला जोडीदार. समुद्रात कुणी एकट्याने खाली जात नाही, प्रत्येकाचा एक जोडीदार ठरलेला असतो आणि त्याच्यावर नजर ठेवायची असते. यतीन माझा होणारा नवराही होता. साखरपुडा झाला होता. त्याने पोलिसांना आणि आम्हाला एकच हकिकत सांगितली होती. खाली ओढ आली, पाणी गढुळलं, वळून बघतो तर वीरेश नाही. शोधत गेलो तर पठाराच्या कडेला कुणीतरी टाकून दिलेल्या नायलॉनच्या जाळ्यात तो अडकलेला, आणि तोवर सगळं संपलेलं. पोलिसांनी अपघात म्हणून प्रकरण मिटवलं. गावाने मिटवलं नाही. जोडीदाराला सोडून वर आला, असं एकाने म्हटलं आणि मग सगळ्यांनी. यतीनबरोबर पाण्यात उतरायला कुणी तयार होईना. जोडीदार नसलेला पाणबुड्या म्हणजे घरी बसलेला माणूस.

माझा यतीनवर विश्वास होता. किंवा अविश्वास दाखवायला जे काही आत जळावं लागतं, ते माझ्यात शिल्लक नव्हतं. पण पडद्यावर तो दिसला तर लग्न होणार होतं आणि नाही दिसला तर मोडणार होतं, हे मला ठाऊक होतं. पाण्याची खोली ठाऊक असावी तसं.

निघायच्या आदल्या दुपारी तो दुकानात आला. वाळला होता.

"खराच जातंस?"

"तिकीट काढलंय."

तो पेटीकडे बघत राहिला. हात लावला नाही. "वीरेशान काय बघितल्यान तां तू बघतलंस. मगे तुका झोप लागतली?" त्याने विचारलं.

"आता खंय लागता?"

तो काहीतरी बोलणार होता. मग म्हणाला, "सांबाळून जा," आणि गेला. मी पट्टे आवळले.

गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावर माझी पेटी यंत्रापाशी अडली, ते अपेक्षितच होतं. आत दोन लिटर पाणी, भोवती काळं कापड, आणि ते यंत्रातून घालू नका म्हणणारी बाई. मी अधिकारी असते तर मीही अडवलं असतं. संस्थेचं पत्र दाखवलं. ते दोघांनी वाचलं आणि तिसऱ्याकडे दिलं. शेवटी एक बाई आल्या, छातीवर शेळके नावाची पट्टी. बोलण्यावरून सोलापूरकडच्या.

"यंत्रातून न घालता मी आत काय आहे ते बघू कसं, ताई?"

"बघता येणार नाही. चाचपता येईल."

पेटीभोवती मी काळी पिशवी शिवली होती, दोन बाह्या असलेली. त्यातून हात घालायचा, उजेड आत जात नाही. पूर्वी फिल्मवाले अशी वापरत. शेळकेबाईंनी हातमोजे बदलले आणि कोपरापर्यंत हात आत घातले. डोळे मिटून त्यांनी प्रत्येक कोपरा चाचपला. दळण निवडणारी बाई बोलता बोलता खडा शोधते तसं.

"गार लागतंय."

"आत बर्फाच्या पिशव्या आहेत."

"हे गोल कसलं?"

"काच. तिच्यामागे पडदा आहे."

"कुणाचा आहे कॅमेरा?"

"भावाचा."

"मग भावानं यायचं ना. तुम्हाला कशाला हा ताप?"

"तो वारला. हा तेव्हा त्याच्या कपाळावर होता."

मी हे अगदी सरळ आवाजात सांगितलं. शेळकेबाईंचे हात पिशवीतच थांबले. मग त्यांनी ते हळूच बाहेर काढले, कापडाच्या पट्टीने पेटी पुसून ती पट्टी स्फोटकं तपासायच्या यंत्रात घातली, हिरवा दिवा लागेपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही. "जावा तुम्ही," म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं, ह्या परक्या बाईला रडू येतं आणि मला येत नाही.

विमानात पेटी पायांमध्ये धरून बसले. पेटीला दाब दाखवणारा एक छोटा काटा होता. विमान चढलं तसा तो हलला आणि जिथे थांबायला हवा तिथे थांबला. एकही बुडबुडा नसणार, हे मला न बघता कळलं. शेजारच्या काकांनी विचारलं, आत मासे आहेत का. मी हो म्हटलं. त्यांनी समाधानाने डोळे मिटले.

सिंगापूरची प्रयोगशाळा एका साध्या इमारतीत होती, खाली उपाहारगृह आणि वर काळोख. डॉक्टर कलैवाणी नावाच्या तमिळ बाई पडदे वाचत. पन्नाशीच्या, बुटक्या, पायात रबरी चपला. त्यांनी आधी मला कायदा समजावला. हे पडदे आले तसा तो सगळीकडे झाला होता. मेलेल्या माणसाने शेवटी जे पाहिलं, त्यावर हक्क त्याच्या घरच्यांचा. वाचताना घरचं एकच माणूस हजर राहील, निकाल त्यालाच तोंडी सांगितला जाईल, कागदावर काही उतरणार नाही. पुढे कुणाला काय सांगायचं हे त्या माणसाने ठरवायचं.

"थांबवायचं असेल तर आत्ता सांगा," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "पुष्कळजण थांबवतात."

"वाचा," मी म्हटलं.

काळोख्या खोलीत त्यांनी पेटी उघडली. लाल उजेडात त्यांचे हात फक्त दिसत होते. पडदा निघाला, गोठवला गेला, काप निघाले, आणि मग बराच वेळ यंत्राची घरघर चालू राहिली. समोरच्या काचेवर चित्र येणार होतं. मी त्या काचेकडे बघत होते आणि मनात एकच होतं, यतीन दिसू दे. वीरेश वाचावा असं काही त्या काचेत घडणार नव्हतं.

काच राखाडी झाली. मग दुसरी राखाडी. दहाबारा कापांनंतर डॉक्टरबाईंनी दिवा लावला.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्या पेशी फुटल्या आहेत. एकजात. धागे वाहून गेलेत."

"विमानात?"

"नाही, नाही. तुमचं बांधणं मी इतक्या वर्षांत पाहिलेलं सगळ्यात चांगलं होतं. एक बुडबुडा नाही. हे त्याआधी झालंय." त्यांनी पेटीतलं पाणी तपासलं होतं, ते समुद्राइतकंच खारट होतं. पण पेशी फुटण्याची तऱ्हा त्यांच्या ओळखीची होती. "मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात ना? ह्या पेशींच्या आत समुद्राएवढं मीठ असतं. बाहेर गोडं पाणी आलं की ते आत घुसतं, पेशी फुगते आणि फुटते. क्षणाचं काम. नंतर परत खाऱ्या पाण्यात ठेवून उपयोग नसतो. हा कुणीतरी धुतलाय."

"कुणी धुणार नाही," मी म्हटलं. आणि म्हणता म्हणताच कळलं की मी खोटं बोलतेय. आमच्या किनाऱ्यावर समुद्रातून कुठलीही वस्तू वर आली की तिच्यावर आधी गोडं पाणी पडतं. मीठ वाळलं की रबर चिरतं, धातू खातं, चेन अडकते. टाकी असो, जॅकेट असो, कॅमेरा असो, विचार करायचा नाही, टबात घालायचं. ते काम करणारा माणूस हुशार असावा लागत नाही, त्याला फक्त सवय असावी लागते. ह्या कॅमेऱ्याला मात्र गोडं पाणी लावायचं नाही, हे पथ्य कार्लेकर सरांनी पाण्यात उतरणाऱ्या दोघांना आणि मला शिकवलं होतं. किनाऱ्यावर सामान घेणाऱ्याला कुणी शिकवलं नव्हतं.

जिन्यात येऊन मी फोन लावला. बाबांनी पहिल्याच घंटीला उचलला.

"बोल गो."

"बाबा, त्या दिवशी कॅमेरो जेटीवरसून तुमीच आणलास?"

"मीच. दुसरो कोण आणतलो? सगळे वीरेशच्या भोवती जमलेले. मी तेचा सामान उचललंय, घराकडे आणलंय आणि टबात गोडा पाणी घेवन एकेक वस्तू धुतलंय. रेव भरलेली सगळ्यात. जॅकेट धुतलंय, पायातले पंखे धुतलंय, कॅमेरो धुतलंय. मगे कॅमेरो तेवडो परत दर्याच्या पाण्यात ठेवलंय. वीरेश सांगी ना, तेका दर्याचाच पाणी होया म्हणान. इसारलंय नाय मी." ते थांबले. "कित्याक? काय बिघडला?"

झिलाचं प्रेत अंगणात यायचं होतं आणि हा माणूस मागच्या बाजूला बसून त्याचं सामान धूत होता. दुसरं काय करणार होता? त्याला जे येत होतं ते त्याने केलं.

"नाय, बाबा. बरा केलास."

"मगे सांग."

विचार करायला मला फार वेळ नव्हता, पण विचार करण्यासारखंही फार नव्हतं. पडदा कोरा आहे म्हटलं तर का, हा प्रश्न येणार. ते सांगितलं तर झिलाचं शेवटचं बघणं आपल्याच हातांनी धुतलं, हे घेऊन बाबांना जगायचं. नाही सांगितलं तर गाव म्हणणार, यतीननेच काहीतरी केलं. माझा यतीनवर विश्वास होता. खऱ्याच्या अगदी जवळून जाणारं एक छोटं खोटं, असं मला ते वाटलं.

"यतीन थंय होतो, बाबा."

पलीकडे श्वास ऐकू येत होता.

"वीरेश जाळ्यात अडाकलो. यतीनान तेचो हात धरल्यान. शेवटपर्यंत धरून होतो."

बाबा रडायला लागले. वीरेश गेल्यापासून पहिल्यांदाच. तांडेलाचा आवाज तो, खोकल्यासारखा फुटत होता.

"एकटो नाय होतो मगे," ते म्हणाले. "एकटो नाय होतो माझो झील."

मी फोन कानाला धरून उभी राहिले. जिन्यातून एक मुलगी भाताचा डबा घेऊन वर गेली. मला भूक लागली होती.

परत आले तेव्हा आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, यतीन बसलेला होता. बाबा स्वतः त्याच्या घरी जाऊन, त्याच्या आईच्या पाया पडून त्याला घेऊन आले होते. गावात ज्याला त्याला त्यांनी सांगितलं होतं. चुलीवर सुरमई शिजत होती आणि बाबा यतीनचा हात दोन्ही हातांत धरून बसले होते. इतकं हलकं त्यांचं तोंड मी कित्येक आठवड्यांत पाहिलं नव्हतं. मला वाटलं, चला, काहीतरी नीट झालं.

"मगे आमका पैल्यांदाच सांगूक काय झाला होता रे तुका?" बाबा त्याला विचारत होते. "मी तुका काय काय बोललंय. असाच झाला ना? शेवटपर्यंत तेचो हात धरून होतंस?"

यतीनने एकदा माझ्याकडे बघितलं. मग जमिनीकडे.

"होय, काकानू," तो म्हणाला. "असाच. पण कोणाक खरा वाटला असता?"

बाबांनी त्याला जवळ ओढलं. मी खांबाला टेकले. ते वाक्य माझं होतं. मी ते परक्या देशातल्या जिन्यात उभं राहून रचलं होतं. यतीनची हकिकत तर अशी, की वळून बघितलं तेव्हा वीरेश नव्हता आणि सापडला तेव्हा सगळं संपलं होतं. हात धरायला तो तिथे होताच कुठे? एकतर तो तेव्हा खोटं बोलला होता, नाहीतर आता बोलत होता.

बाबा सुरमई बघायला आत गेले.

"यतीन," मी म्हटलं, "पडदो कोरो होतो."

तो दचकेल असं मला वाटलं होतं. तो दचकला नाही.

"ठावक आसा," तो म्हणाला.

"कसा?"

"त्या दिवशी काकांच्या मागसून मी तुमच्या घराकडे इलंय. वीरेशचे बूट माझ्याकडे रवलेले, ते देवक. मागल्या दारी उभो होतंय. काकांनी टब भरल्यानी. कॅमेरो हातात घेतल्यानी. सरांनी सांगलेला माका आठावता होता."

"तू बोललंस नाय."

"नाय."

"आणि हात?"

"हात धरलेलंय मी, रसिका. तां खरा. एका हातान जाळा कापित होतंय. माझी हवा संपत इली. वीरेश माझो हात सोडीना. मी सोडवन घेतलंय. वर गेलंय, दुसरी टाकी घेतलंय, परत गेलंय. उशीर झालेलो."

हवा संपली की आधी आपला जीव, हेच शिकवतात. दोघं बुडण्यापेक्षा एकाने वर येऊन टाकी आणावी, हेच शिकवतात. हे त्याने पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी त्याच्या बाजूने सगळ्या गावाशी भांडले असते.

"हात सोडवलंस तां माका समजता," मी म्हटलं. "पण टबाकडे? थंय तर हवा भरपूर होती."

त्याने तोंडावरून हात फिरवला.

"तेवा माका वाटला," तो म्हणाला, "बरा झाला."

आतून भांड्याचा आवाज आला. त्याने ते खरं सांगितलं, याबद्दल मला त्याचा रागही येईना. फक्त एवढं कळलं की ह्या माणसाशेजारी मी आयुष्यभर बसू शकणार नाही. बाबा वाकून कॅमेरा धूत आहेत आणि हा मागे उभा राहून बघतोय, एवढंच मला दिसत राहणार. वीरेशचा पडदा कोरा निघाला होता, पण हे चित्र आता माझ्यासमोरून जाणार नव्हतं.

बाबा भांडं घेऊन बाहेर आले. "सुरमय झाली. आणि ऐका, मी भटजींकडे जावन इलंय. वर्षाच्या आत लगीन होवक होया, नायतर मगे तीन वर्सा थांबूचा लागतला. वीरेशाकय बरा वाटतला. खयची तारीख धरूया?"

"माका ह्या लगीन करूचा नाय, बाबा."

त्यांना आधी कळलंच नाही. ते हसले. मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "कित्याक?"

का ते सांगायचं तर टबापासून सुरुवात करावी लागत होती. मी यतीनकडे बघितलं. तो आपल्या पायांकडे बघत होता. त्यालाही तेच कळत होतं आणि तोही बोलणार नव्हता. ह्या एका गोष्टीत आम्ही दोघं पक्के जोडीदार होतो.

"असाच," मी म्हटलं. "नको वाटता."

"नको वाटता?" बाबांनी भांडं खाली ठेवलं. यतीन उठला आणि वाटेला लागला. बाबांनी त्याला दोनदा हाक मारली. तो थांबला नाही. मग बाबा माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज चढला नव्हता, ते मला जास्त जड गेलं. "तुझ्या भावाचो हात धरून रवलो तो. तुका तेची किंमत नाय? ह्या दिवसांत तू एकदाय रडलंस नाय, मी म्हटलंय, चेडू दगड झाला, होतला बरा. पण तू पैल्यापासून दगडच काय गो?"

"तुमी जेवा, बाबा."

"तुया स्वताच्या डोळ्यान बघितलंस ना पडद्यार? तेचो हात यतीनाच्या हातात होतो तां? बघितलंस काय नाय?"

"बघितलंय."

"आणि तरीय नको?"

"तरीय नको."

बाबा न जेवता उठले. यतीनला आता गावात जोडीदार मिळाला आहे, तो पुन्हा पाण्यात उतरतो, आणि बाबा रोज सकाळी त्याच्या होडीवर जातात. माझ्याशी ते बोलत नाहीत. बोलावं असं मी त्यांना काही सांगूही शकत नाही.